विजेरीची पारख

आषाढांतील मुसळधार पावसाची रात्र, वीज गेलेली, आणि घरांतील वृद्ध मातेला एकाएकीं श्वास लागतो. तिला डॉक्टरांकडे नेण्याकरितां मुलगा जिन्यापाशीं येतो व विजेरीची कळ दाबतो. वरचा मजला लख्ख उजळतो. मधल्या मजल्यावर उजेड मंदावतो. आणि अरुंद वळणावर विजेरी विझते. खरेदीच्या वेळीं वांचविलेल्या पैशांचें खरें मोल त्या पायरीवर कळतें.

दुकानांत तीच विजेरी किती दिमाखानें मांडलेली असते! वेष्टणावर ‘एक लाख ल्यूमेन’ असे ठळक अक्षर असतें आणि किंमत मात्र अल्प. ल्यूमेन म्हणजे दिव्यांतून बाहेर पडणाऱ्या एकंदर प्रकाशाचें माप. जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा तारेचा दिवा सुमारें ७०० ल्यूमेन प्रकाश देत असे. मुठींत मावणारी विजेरी अशा सुमारें १४० दिव्यांची बरोबरी कशी करील, हा प्रश्न ग्राहकानें तेथेंच विचारावयास हवा.

त्याचें उत्तर साध्या त्रैराशिकानें मिळतें. अशा विजेरींत बहुधा ‘१८६५०’ या नांवाचा एकच लिथियम घट असतो. १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब. उत्तम प्रतीच्या अशा घटाची धारणा सुमारें ३५०० मिलिअँपियर-तास, म्हणजे जवळजवळ साडेबारा वॅट-तास असते. एका वॅटमागें १५० ल्यूमेन मिळतात असें उदारपणें धरलें, तरी एक लाख ल्यूमेनला साडेसहाशेंहून अधिक वॅट लागतील. हा घट तेवढी शक्ति देऊंच शकत नाहीं. आणि देऊं शकला असता, तरी मिनिटाभरांतच रिता झाला असता. घटावर ‘९९००’ छापलेलें असल्यास तेंही असत्यच समजावें. उलट, एक हजार ल्यूमेनची प्रामाणिक विजेरी याच घटावर सुमारें तासभर चालूं शकते.

अमेरिकेंत २००९ सालीं विजेऱ्यांच्या मापनाकरितां ‘एफएल-१’ हें मानक प्रसिद्ध झालें. त्यानुसार प्रकाश मोजावयाचा तो दिवा लागल्यावर तीस सेकंद ते दोन मिनिटें या अवधींत. कळ दाबतांच होणाऱ्या लखलखाटाला तेथें किंमत नाहीं. टिकण्याचा काळ मात्र प्रकाश एक-दशांशावर येईपर्यंत मोजतात. म्हणून ‘चार तास’ म्हणजे चार तास पूर्ण तेज, असा अर्थ कोणीं घेऊं नये. प्रखर विजेरी तापूं लागतांच आपला प्रकाश आपणच कमी करते, हा तिचा दोष नसून शहाणपणा होय.

तेव्हां प्रत्येक पायरीचा प्रकाश व काळ वेगवेगळा सांगणारी, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या कवचाची, बदलतां येणाऱ्या सुरक्षित घटाची आणि हमी देणारी विजेरी निवडावी. ‘आयपीएक्स-७’ ही खूण असल्यास ती एक मीटर पाण्यांत अर्धा तास टिकावी, अशी अपेक्षा असते. घरीं आणल्यावर अंधाऱ्या खोलींत छताकडे रोखून ती अर्धा तास जळूं द्यावी. उजेड केवढा उरतो तें पाहावें. पुढेंही दर दोन-तीन महिन्यांनीं तिची परीक्षा घेऊन घट भरून ठेवावा.

विजेरी वर्षांतून एखाद्याच रात्रीं लागते. परंतु त्या रात्रीं वेष्टणावरचे आंकडे उपयोगी पडत नाहींत. जिन्याची शेवटची पायरी दिसेपर्यंत टिकणारा प्रकाशच उपयोगी पडतो.