मोठ्यांचा पोरखेळ



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जण हंसतील. अवश्य हंसावें, माझी तक्रार नाहीं. मी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहें. शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत, वय सदुसष्ट, वास्तव्य नाशिक जिल्ह्यांतील पेठ या गांवीं. आणि मी रोज सायंकाळीं अर्धा तास दूरदर्शन संचासमोर बसून 'टॉम आणि जेरी' पाहतों. नातवाला मांडीवर घेऊन नव्हे. नातू पुण्यास असतो. मी एकटाच पाहतों.

गेल्या दिवाळींत मुलगा व सून घरीं आलीं होतीं. मांजराची फजिती पाहून मला इतकें हंसूं लोटलें होतें कीं डोळ्यांना पाणी आलें होतें. इतक्यांत अंगणांत पाहुण्यांची चाहूल लागली. सूनबाई लगबगीनें आंतून आल्या, एक शब्दही न बोलतां त्यांनीं मांजर घालविलें आणि बातम्या लावल्या. त्यांच्या मनांत अनादर नव्हता. सासऱ्याची अब्रू झांकावी एवढाच हेतु होता. पण त्या क्षणीं मला जें आठवलें, तें कोणाजवळ तरी बोलावें म्हणून आज मी आपणांपुढें आलों आहें.

माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले. गांवांत किराण्याचें लहानसें दुकान होतें. त्यांना एकच व्यसन होतें, तें 'चांदोबा'चें. नागी रेड्डी व चक्रपाणि यांनीं 1947 सालीं मद्रासेंत तेलुगू व तामीळ भाषांत 'चंदामामा' काढला. तोच पुढें मराठींत 'चांदोबा' झाला. वर्गणी भरलेला अंक टपालानें येई आणि आमच्याकडील पावसांत कधीं कधीं ओला होऊन येई. अण्णा तो चुलीजवळ वाळवीत व रात्रीं कंदिलाच्या उजेडांत वाचीत. खांद्यावर प्रेत व हातांत तलवार घेतलेला विक्रम राजा, हें शंकर या चित्रकाराचें चित्र आलें कीं वाचन थांबवून तें बराच वेळ निरखीत. (हे शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन्, ते 2020 सालीं वारले.) वेताळानें प्रश्न टाकला कीं पुढचें पान ते लगेच उलटीत नसत. आधीं आपलें उत्तर ठरवीत, मग पान उलटीत.

मला नोकरी लागली त्या वर्षींची गोष्ट. शाळातपासणीस आलेले साहेब आमच्या घरीं चहाला यावयाचे होते. अण्णा ओटीवर 'चांदोबा' वाचीत बसलेले. मीं तो त्यांच्या हातांतून काढून घेतला, गादीखालीं सारला आणि त्यांच्या हातीं ज्ञानेश्वरी दिली. ते कांहीं बोलले नाहींत. पुढें माझे स्नेही येतांना दिसले कीं ते स्वतःच उठून ज्ञानेश्वरी घेऊन बसूं लागले. पुष्कळ दिवसांनीं माझ्या ध्यानांत आलें कीं पान नेहमीं तेंच असे.

आतां मूळ प्रश्न. या गोष्टी, हीं हलतीं चित्रें मुलांचींच, असें ठरविलें कोणीं? 'टॉम आणि जेरी' विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा या दोघांनीं 1940 सालीं अमेरिकेंत निर्माण केले, ते चित्रपटगृहांसाठीं. तिकीट काढून आलेल्या प्रौढ प्रेक्षकांना मुख्य चित्रपटाआधीं हीं सात-आठ मिनिटांचीं चित्रें दाखवीत. दूरदर्शन आल्यावर तीं मुलांच्या वेळेंत गेलीं आणि मुलांचीं म्हणून ओळखलीं जाऊं लागलीं. एका सेकंदास चोवीस चौकटी या हिशेबानें सात मिनिटांत दहा हजारांवर चौकटी होतात. इतका खटाटोप करणारे लोक कांहीं बालवाडींतले नव्हते.

आणि दूर कशाला जावें? दादासाहेब फाळके आमच्याच जिल्ह्यांतले, त्र्यंबकेश्वरीं 1870 सालीं जन्मलेले. चाळिशीच्या घरांत असतां त्यांनीं मुंबईस चित्रपट पाहिला आणि ते त्या नादास असे लागले कीं ओळखीच्या लोकांना यांचें डोकें फिरलें असें वाटूं लागलें. कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरून, त्याचीं क्रमाक्रमानें छायाचित्रें घेऊन, कोंब वर येतांना त्यांनीं दाखविला. पुढें 1915 च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' हें चित्र त्यांनीं केलें. काड्या मांडावयाच्या, एक चौकट घ्यावयाची, काड्या किंचित् सरकवावयाच्या, पुन्हा एक चौकट घ्यावयाची. पडद्यावर पाहावें तों काड्या आपण होऊन चालूं लागलेल्या! 'राजा हरिश्चंद्र' 1913 सालीं लोकांपुढें आणलेला, पंचेचाळीस वर्षांचा, मुलाबाळांचा गृहस्थ काडेपेटीशीं खेळत बसला आहे, हें दृश्य मला फार आवडतें. त्या वेळीं कोणी पाहुणे आले असते तर फाळक्यांच्या घरांत काड्या कोणीं झांकल्या असत्या, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आमच्या पेठ-सुरगाण्याकडे, तसाच जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. उन्हाळ्याच्या रात्रीं संबळाच्या ठेक्यावर देवांचीं व राक्षसांचीं सोंगें नाचतात. जड मुखवटा चढवून नाचणारा गडी पुष्कळदां नातवंडांचा आजा असतो. या वयांत हें काय, असें त्याला कोणी विचारीत नाहीं. सोंग घेणें हा मान समजतात. वयाचा हा संकोच आम्हां शिकलेल्यांनीं घरांत आणला. मीं स्वतः तर तो शाळेंतही नेला.

सर्वच कार्टून चांगलें असतें असें मी म्हणत नाहीं. पुष्कळांत नुसता आरडाओरडा असतो, आणि तो मुलांनाही देऊं नये असें माझें मत आहे. पण 1993 सालीं रविवारीं सकाळीं मोगलीची 'जंगल बुक' ही मालिका लागे, तेव्हांची आठवण सांगतों. मूळ मालिका जपानी. हिंदींत शेरखानाचा आवाज आमच्या नाना पाटेकरांचा. गांवांत संच थोडे. मुलें पुढें बसत आणि दारांत मोठीं माणसें उभीं राहत. विचारलें तर म्हणत, "पोराला न्यायला आलों." मालिका संपेपर्यंत पोराला कोणी हांक मारीत नसे. त्या पोरांपैकीं एक आज नाशकास नोकरी करतो. परवां एस.टी.त तो भेटला. मोबाइल तिरपा धरून कांहीं पाहत होता. मला पाहतांच त्यानें तो खिशांत घातला. मीं विचारलें, "कोण आहे, मांजर कीं उंदीर?" तो लाजला व म्हणाला, "गुरुजी, ऑफिसांत सांगूं नका."

सूनबाईंना मीं अण्णांच्या ज्ञानेश्वरीची हकीकत भाऊबिजेच्या दिवशीं सांगितली. त्या स्वयंपाकघरांत निघून गेल्या. कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं तहसील कचेरींतून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून आले. सूनबाई चहा घेऊन आल्या, पण संचाला त्यांनीं हात लावला नाहीं. कारकूनसाहेब प्रथम माझ्याकडे पाहून, मग पडद्याकडे पाहून, अवघडल्यासारखे बसले. जमिनीच्या एका दाव्याविषयीं बोलूं लागले, आणि बोलतां बोलतां थांबले. मांजर दारामागें दबा धरून होतें. त्यांच्या चहावर साय धरली. उंदीर बिळांत शिरला तेव्हां त्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकला आणि हळूच विचारलें,

"गुरुजी, हें रोज किती वाजतां असतें?"