बाळंतपणापलीकडची बाई

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. तुमच्या रात्रपाळ्यांचे वेळापत्रक पाठ करून डबे पाठवणाऱ्या घरच्यांचेही.

तुमच्यापैकी काही स्त्रीरोगतज्ज्ञ होतील, बहुतेक जण होणार नाहीत. तरीही आज मी स्त्रीरोगांविषयीच बोलणार आहे, कारण तुमच्या ओपीडीतली निम्मी रांग बायकांची असेल.

आपल्या आरोग्यव्यवस्थेला बाई दिसते ती गरोदरपणी. तेव्हा तिचे कार्ड निघते, वजन होते, लोहाच्या गोळ्या मिळतात. यामुळे असंख्य जीव वाचले, हे निर्विवाद. पण सत्तर वर्षांच्या आयुष्यात गरोदरपणाचे महिने किती? बाकीच्या काळात तिची नोंद कुठे असते?

हा प्रश्न महाराष्ट्रातूनच जगापुढे गेला. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होते. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. आजार घरोघरी होता. तो सांगावा असे ठिकाण मात्र जवळपास नव्हते.

म्हणून वयाच्या प्रत्येक टप्प्यावर काय विचारायचे, हे लक्षात ठेवा. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. अशा मुलीवर सोनोग्राफीच्या एका कागदावरून पीसीओएसचा शिक्का मारू नका. पण पहिल्या पाळीपासूनच फार रक्तस्राव होत असेल, तर रक्त गोठण्याचा दोष आहे का ते पाहा. दर महिन्याला दुखण्यापायी शाळा बुडत असेल, तर ‘लग्न झालं की थांबेल’ हे उत्तर तिच्या आजीकडून तिला मिळालेलेच असते. डॉक्टरकडूनही तेच मिळू नये. नऊ ते चौदा या वयात एचपीव्हीची लस सर्वांत उपयोगी ठरते, हे तिच्या आईला सांगा.

विशीतली अविवाहित मुलगी आली की ‘लग्न झालंय का?’ हा पहिला प्रश्न नको. आधी त्रास विचारा, तोही सोबतच्या माणसांना क्षणभर बाहेर बसवून. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गर्भपाताच्या कायद्याचा लाभ देताना विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही. कायदा पोहोचला आहे, आता आपल्या तपासणीच्या खोलीनेही तिथवर पोहोचावे.

चाळिशीकडे येऊ. अंगावरून पांढरे जाते, रक्त जास्त जाते, म्हणून बाई येते आणि ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला घेऊन जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गंभीर झाला की, २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मुकादमाची उचल घेतलेल्या बाईचा पाळीत एक खाडा झाला तरी दंड बसतो; तिला पिशवी ही अडचण वाटली तर नवल नाही. पण औषधे किंवा हार्मोनचे साधन यांनी बरे होणारे दुखणे सुरीने का मिटवायचे? पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर ऐन पस्तिशीत हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ही किंमत सही घेण्याआधी तिला सांगितलीच पाहिजे.

पाळी गेल्यानंतरची बाई तर आपल्या नोंदीतून पुसलीच जाते. ती बीपीच्या गोळ्या न्यायला येते. खोकताना लघवी होते, अंग बाहेर येते, हे ती विचारल्याशिवाय सांगणार नाही. एक गोष्ट विसरू नका: पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर रक्त दिसले तरी कर्करोग नाही याची खात्री करेपर्यंत थांबायचे नाही.

कर्करोग वेळीच ओळखायला मोठी यंत्रणाच लागते असे नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये केलेल्या अभ्यासात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी अ‍ॅसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, तीस ते एकोणसाठ वयाच्या स्त्रियांची एकदाच केलेली एचपीव्ही चाचणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हे २००९ साली सिद्ध झाले. ज्ञान आपल्याच मातीत तयार झाले. ते प्रत्येक तालुक्यात वापरणे बाकी आहे.

तेव्हा मित्रांनो, तुम्ही हाडांचे डॉक्टर व्हा, डोळ्यांचे व्हा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू व्हा. समोर आलेल्या प्रत्येक बाईला, ती बारा वर्षांची असो वा बहात्तर, पाळीबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल आणि लघवीच्या त्रासाबद्दल विचारा. दाराला पडदा लावा, खुर्ची जवळ ओढा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. तुमच्या पदवीवर तिचा एवढा हक्क आहे.