चार प्लेअरांनंतरचा अल्बम



प्रयोगशील म्हणून नावाजलेल्या बँडनं सगळ्यांना आवडेल असा अल्बम काढला की जुने चाहते नाक मुरडतात. ‘विकले गेले’ म्हणून मोकळे होतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या ‘द फ्लेमिंग लिप्स’ला मात्र हा शिक्का मारणं कठीण आहे.

बँड १९८३ सालचा. १९९६ साली त्यात होते गायक वेन कॉइन, बासवाला मायकेल आयव्हिन्स आणि मूळचा ड्रमवादक, पण हाती येईल ते वाद्य वाजवणारा स्टीव्हन ड्रॉझ्ड. त्याच वर्षी गिटारवादक रोनाल्ड जोन्स सोडून गेला. या तिघांनी त्याच्या जागी कुणाला आणलंच नाही. त्याच सुमारास कॉइननं पार्किंगमध्ये गाड्या जमवल्या, प्रत्येक मालकाच्या हाती एकेक कॅसेट दिली आणि इशारा करताच सगळ्यांना ती एकदम सुरू करायला लावली. गाड्यांचाच वाद्यवृंद!

त्यातून १९९७ मध्ये ‘झाइरीका’ आला. एका अल्बमच्या चार सीडी, आणि चारही एकाच वेळी चार वेगवेगळ्या प्लेअरवर लावायच्या. दोन प्लेअर अगदी एका गतीनं कधीच फिरत नाहीत, त्यामुळे सूर हळूहळू मागेपुढे सरकतात आणि दर वेळी गाणं थोडं निराळं होतं. कल्पना मला भारी वाटते. पण ऐकायचं म्हणजे तीन मित्र आणि तीन प्लेअर गोळा करणं आलं. रेडिओवर लावायचा तर चार केंद्रांना हातमिळवणी करावी लागेल.

गंमत अशी, की याच काळात, निर्माते डेव्ह फ्रिडमन यांच्यासोबत, दुसरा अल्बमही आकाराला येत होता. तो १९९९ चा ‘द सॉफ्ट बुलेटिन’. आवाजांचे थर रचायची तीच हौस, पण इथे एका सीडीत मावणारी, गुणगुणता येणाऱ्या चालींना धरून चालणारी. व्हायोलिनांचा ताफा वाटतो, तो बराचसा कीबोर्डवरचा. त्यावर कॉइनचा बारीक, वरच्या पट्टीत चिरकणारा गळा. गोड गळ्याच्या गायकाला ही गाणी शोभली नसती, असं माझं मत आहे.

कारण गाण्यांचे विषय हलके नाहीत. १९९७ मध्ये कॉइनचे वडील कर्करोगानं गेले. आयव्हिन्सच्या गाडीवर दुसऱ्या गाडीचं निखळलेलं चाक येऊन आदळलं. ड्रॉझ्डचा हात इतका चिघळला की तो कापावा लागेल अशी भीती होती. कोळी चावला, असं त्यानं सांगितलं. खरं कारण हेरॉइनच्या सुईचं होतं, ते पुढे कळलं. तोवर ‘द स्पायडरबाइट साँग’ होऊन गेलं होतं! आधीच्या वर्षांत हीच मंडळी व्हॅसलीन, जेली असल्या विषयांवर चक्रम गाणी करत. आता मात्र त्यांना जे सांगायचं होतं, ते ऐकणाऱ्याला पहिल्याच फेरीत कळणं गरजेचं होतं. हा अल्बम सोपा झाला तो त्यामुळे, असं मला वाटतं. बाजाराकडे पाहून नव्हे. ब्रिटनच्या ‘एनएमई’ साप्ताहिकानं तो त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवला.

आता ऐकू या त्यातलं पहिलं गाणं, ‘रेस फॉर द प्राइज’. नायक आहेत दोन शास्त्रज्ञ, एकाच औषधाच्या शोधात धावणारे. ड्रम फाटल्यासारखे वाजतील. रेडिओची खुंटी पिळू नका, ते मुद्दामच तसे ध्वनिमुद्रित केले आहेत.