डोंगर आधी, आराखडा नंतर

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीणला एस.टी. नेहमीप्रमाणे गेली, पण चालकाला गाव दिसले नाही. जेथे घरे होती तेथे चिखलाचा ढिगारा पसरलेला होता. त्याखाली १५१ जीव गाडले गेले. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, केरळातील वायनाडमध्ये मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्यांवर डोंगर कोसळला. त्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटातील ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील ठरविणारी मसुदा अधिसूचना काढली. अशा मसुद्यांतील ही सहावी. पहिला मसुदा २०१४ च्या मार्च महिन्यातला, म्हणजे माळीण अजून उभे होते तेव्हाचा! तारखा जुळल्या हा योगायोग म्हणता येईल. दहा वर्षे मसुदा मसुदाच राहिला, याला मात्र योगायोग म्हणता येत नाही.

पर्वतांचा विषय निघाला की दिल्लीची दृष्टी हिमालयाकडे जाते. ते स्वाभाविकही आहे. परंतु भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हिशेबाने देशातील सुमारे ४ लाख २० हजार चौरस किलोमीटर भूभाग दरडप्रवण आहे आणि त्यातील सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर पश्चिम घाट व कोकणच्या डोंगरांत आहे. २००८ साली हवामान बदलाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला. त्यातील आठ अभियानांपैकी एक हिमालयाच्या परिसंस्थेसाठी राखले गेले; सह्याद्रीच्या वाट्याला स्वतंत्र अभियान आले नाही. पाचव्या पंचवार्षिक योजनेत, १९७४-७५ पासून, पश्चिम घाट विकास कार्यक्रम सुरू झाला होता हे खरे. पण विकास म्हणजे रस्ता, तलाव, इमारत. ज्या उतारावर हे सारे उभे राहायचे त्या उताराची प्रकृती कशी आहे, हा प्रश्न नियोजनाच्या रकान्यांत बसलाच नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या पाषाण येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे दिसून आले. सह्याद्रीत खाली काळा कातळ आणि वर झिजून तयार झालेला मातीचा थर. पाणी मातीत मुरते, कातळापाशी अडते, माती जड होते. अशा वेळी उताराचा पायथा रस्त्यासाठी तोडलेला असेल, किंवा वरचे झाड-झुडूप गेलेले असेल, तर डोंगराला निमित्त पुरते. माळीणच्या बाबतीत यंत्रांनी केलेल्या जमीन-सपाटीकरणावर बोट ठेवले गेले, त्यावर वादही झाला. वनवासी बांधवांची पडकई पिढ्यान्‌पिढ्या हाताने होत असे, दर वर्षी थोडी थोडी. यंत्र एका आठवड्यात डोंगराचा आकार बदलते. या दोन्हींना एकच नाव देऊन हिशेब मांडणे हा शहरी आळस आहे.

दरड कोसळण्यापूर्वी डोंगर बोलतो. जमिनीला भेगा पडतात, झरा अचानक गढूळ होतो, झाडे कलतात. ही चिन्हे गुराख्याला दिसतात, कचेरीला दिसत नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली तेव्हा विधानसभेत सांगितले गेले की दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नावच नव्हते. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. वाडीचे नाव यादीत आले असते तर माणसे वाचली असती असे छातीठोकपणे कोणी सांगू नये. परंतु यादी कशी तयार होते, हे विचारायला हवे. देशाचे दरडप्रवणतेचे नकाशे प्रामुख्याने एकास पन्नास हजार या प्रमाणावर आहेत. त्यावर एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. अख्खी इर्शाळवाडी त्यात तांदळाच्या दाण्याएवढीही दिसणार नाही. जिल्ह्याला धोका आहे हे अशा नकाशाने कळते, कोणत्या घराला आहे हे कळत नाही.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली अहवाल दिला. त्यावर टीका पुष्कळ झाली, काही रास्तही असेल. घाटातील शेतकरी निर्बंधांच्या नुसत्या नावाने धास्तावतो आणि त्याच्या विरोधाला खाणमालकांचा विरोध समजणे अन्यायाचे आहे. परंतु निर्णयाची सुरुवात ग्रामसभेपासून व्हावी, हा त्या अहवालाचा गाभा वादात हरवला. याच गाडगीळांनी वा. द. वर्तक यांच्यासह सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला होता. ज्या समाजाने देवाच्या नावाने रान राखले त्याला आराखड्यात केवळ ‘लाभार्थी’ म्हणून जागा मिळावी, हे विपरीत आहे. शिवछत्रपतींच्या राज्यव्यवहाराचा वारसा सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आंबा-फणसासारखी झाडे धन्याच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, अशी ताकीद आहे. १९६५ साली पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शन मांडताना निसर्ग स्वतः भरून काढू शकेल तेवढेच त्याच्याकडून घ्यावे, असा विचार सांगितला. नियोजनात या वारशाची आठवण प्रस्तावनेपुरती निघते. अंदाजपत्रकात ती सापडत नाही.

संकटानंतर समाज धावून जातो, स्वयंसेवक चिखलात उतरतात, सरकार घरे बांधते. पण माळीणच्या पुनर्वसित गावातही २०१७ च्या पहिल्याच पावसाळ्यात जमीन खचल्याच्या आणि तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. उतार न वाचता बांधलेले नवे गावही डोंगराच्याच मर्जीवर असते. जिल्हा नियोजन समितीने डोंगरी तालुक्यातील रस्ता, तलाव किंवा घरकुल मंजूर करण्यापूर्वी त्या उताराची भूवैज्ञानिक तपासणी सक्तीची करावी. तिचा खर्च त्याच कामाच्या रकमेत धरावा. वाडीनिहाय मोठ्या प्रमाणाचे नकाशे करावेत आणि ग्रामसभेने भेगा व झऱ्यांची नोंदवही ठेवावी, जी पावसाळ्यापूर्वी तहसीलदाराने पाहिलीच पाहिजे. यात अशक्य काहीच नाही, फारसे खर्चिकही नाही.

हा विषय केवळ घाटातील वाड्यांचा आहे, असा पुणेकरांनी समज करून घेऊ नये. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही शहराची तहान भागविणारी धरणे याच डोंगरांच्या कुशीत आहेत. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीत फोडलेल्या टेकडीवरून आलेल्या लोंढ्यात महामार्गावरील मायलेकी वाहून गेल्या. नानासाहेब पेशव्यांनी ज्या आंबिल ओढ्याला बांध घालून पर्वतीचे तळे केले, कात्रजहून शहराला पाणी आणले, तोच ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अरण्येश्वर-सहकारनगरच्या घरांत शिरला. ते पाणीही कात्रजच्या डोंगरावरूनच आले होते.