लोकशाहीतील वृत्तपत्रे आणि आपण
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



या विषयावर बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. अशा प्रसंगी संपादकांची कर्तव्ये सांगण्याचा प्रघात आहे. मी मात्र वाचकांच्या कर्तव्याविषयी बोलणार आहे.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. आरशाने मुख जसे असेल तसे दाखवावे, हेच वृत्तपत्राचे ब्रीद होय. स्वराज्यातही ते पाळणे सोपे नव्हते. १९५६ चा कायदा व १९६० चा आदेश यांन्वये दैनिकाच्या किमतीवरून त्याची पाने ठरविण्याचा अधिकार सरकारने घेतला. लहान पत्रांचे रक्षण हा हेतू सांगितला गेला; परंतु पाने घटविली तर मजकूर आटतो आणि किंमत वाढविली तर गरीब वाचक दुरावतो. पुण्याच्या ‘सकाळ’ने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. विशेष हे की, त्या पत्राच्या दोन वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले! सप्टेंबर १९६१ मध्ये न्यायालयाने तो निर्बंध घटनाबाह्य ठरविला. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य हा वाचकाचाही हक्क आहे, हे त्या दोघांनी ओळखले होते. १९७५ च्या आणीबाणीत तो हक्क गेला, तेव्हा तुरुंगात कोण आहे हेसुद्धा वृत्तपत्रांतून कळेनासे झाले.

सत्तेचा दाब डोळ्यांना दिसतो. आपण घालतो तो दाब मात्र आपल्याला दिसत नाही. ज्ञातीतील मुलांच्या यशाची वार्ता छापून यावी, असे आपल्याला वाटते. पण ज्ञातीतील एखाद्या घरी हुंड्यापायी सुनेचा छळ झाल्याची वार्ता आली, की ‘ज्ञातीची बदनामी झाली’ म्हणून आपण वार्ताहरावर रुष्ट होतो, जाहिराती बंद करण्याची भाषा बोलतो. त्या सुनेला न्यायाचे तेवढेच दार उघडे असेल, तर ते लावून घेणारे आपणच ठरतो. बदनामी छळाने होते, वार्तेने नव्हे.

म्हणून माझी विनंती इतकीच : वार्ता खोटी असेल तर पुराव्यानिशी संपादकांस पत्र लिहावे, खरी असेल तर आपले घर सुधारावे. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर खात्री केल्यावाचून पुढे धाडू नये. आरशावर रागावून मुखावरील डाग जात नाही, हे ज्या समाजाला उमगले, त्याच समाजात लोकशाही नांदते.