नदीचे मुख आणि मासळीचे शहर

रत्नागिरी म्हटले की डोळ्यांपुढे आधी हापूसची पेटी येते. त्यात गैर काही नाही. पण या शहरातल्या कितीतरी घरांची चूल आंब्यावर नव्हे, मासळीवर पेटते. मिरकरवाडा बंदरात होड्या लागल्या, की लिलाव सुरू होतो, बर्फ फोडला जातो आणि बांगडा, सुरमई, कोळंबी टेम्पोत भरून घाटापलीकडे निघते. ही मासळी येते समुद्रातून, हे खरे. पण तिच्यातली बरीचशी वाढते कुठे, ते आज पाहू.

शहराच्या दक्षिणेला चला. सह्याद्रीतून आलेली काजळी नदी इथे भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. काठावर राजिवडा ही मच्छीमारांची जुनी वस्ती आहे. भरतीला खारे पाणी आत शिरते, ओहोटीला नदीचे पाणी बाहेर पडते. दोन्ही पाणी जिथे मिसळते, तिथे बारीक जिवांचे खाद्य भरपूर असते. कोळंबीचेच पाहा ना. तिच्या अनेक जाती अंडी घालतात समुद्रात. पण डोळ्यांना धड न दिसणारी पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, कांदळवनाच्या आडोशाला वाढतात आणि पुढे समुद्रात परततात. खाडी म्हणजे समुद्राची बालवाडीच म्हणा!

आता या बालवाडीला धोका कशाचा? एक तर गाळाचा. उघड्याबोडक्या डोंगरावरची माती पावसात नदीत उतरते. समुद्र वाळू लोटतो, नदी गाळ आणते, आणि मुखाशी पट्टा साचून होड्यांना भरतीची वाट पाहावी लागते. म्हणजे वरच्या गावात बांध घातला, झाड राखले, तर त्याचा उपयोग खालच्या खारव्याला आणि दालद्यालाही होतो.

दुसरा धोका हावेचा. पावसाळा हा बऱ्याच मासळीच्या विणीचा काळ. म्हणून जुनी माणसे नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नसत. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, ती याच कारणाने. राज्याचा सागरी मासेमारी कायदा १९८१ सालचा. २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर मर्यादा आल्या. २०२३ साली शासनाने ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटरांहून आणि सुरमई ३७० मिलिमीटरांहून लहान असेल, तर ती धरू नये. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. मान दिला खरा, पण त्याला वाढू तर दिले पाहिजे!

मात्र सगळा दोष जाळे टाकणाऱ्यावर ढकलून चालायचे नाही. कर्जाचा हप्ता आणि डिझेलचा खर्च त्याच्या मानेवर असतो. पिटुकली मासळी विकली जाते म्हणूनच ती होडीत येते. ती घेणारे आपणच की नाही?

गुरुजी आणि बाई, एक सोपा पाठ सुचवतो. बाजाराच्या दिवशी मुलांच्या हाती फूटपट्टी द्या. घरी आलेला मासा मोजून वहीत लिहू द्या. आणि गृहिणींनो, वीतभरही न वाढलेली सुरमई पाटीत दिसली, तर विचारा, “मावशी, हिला वाढू का नाही दिलं?” हा प्रश्न बाजारातून बंदरापर्यंत आपोआप पोचेल.