परवाना कुणासाठी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘अमेरिकेतील अनुभव’ सांगायला सांगितले, तेव्हा मी जरा घाबरलेच. तिथला बर्फ नि तिथल्या मोटारी यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून मी माझ्या कामाविषयीच चार शब्द सांगणार आहे. मी वाचोपचार करते. म्हणजे जी मुले वेळेवर बोलत नाहीत, जी माणसे अडखळतात, पक्षाघाताने ज्यांची वाचा गेली आहे, त्यांना बोलते करण्याची खटपट करते. कानांची तपासणी करून यंत्र बसवून देतो तो श्रवणतज्ज्ञ. दोघांचे शिक्षण शेजारशेजारचे, पण कामे निराळी.

२०१६ साली यजमानांच्या नोकरीमुळे मी न्यू जर्सीला गेले. जवळ मुंबईची पदव्युत्तर पदवी होती, रुग्णालयातला पाच वर्षांचा अनुभव होता, आणि खरे सांगायचे तर थोडी ऐटही होती. तिथे गेल्यावर कळले, की राज्याचा परवाना हाती येईपर्यंत मला एकाही मुलाला शिकवता येणार नाही. तिथे हा परवाना मध्यवर्ती सरकार देत नाही, ज्याचे त्याचे राज्य देते. फ्लोरिडाने १९६९ साली असा पहिला कायदा केला. आज पन्नासही राज्यांत या कामावर कायद्याचे नियंत्रण आहे. अटी राज्याराज्यांत थोड्या बदलतात, पण सर्वसाधारण रीत अशी: वाचोपचारासाठी पदव्युत्तर शिक्षण, त्यात प्रत्यक्ष कामाचे सुमारे ४०० तास, मग एक राष्ट्रीय परीक्षा, आणि त्यानंतर अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली निदान ३६ आठवडे पूर्णवेळ काम. श्रवणतज्ज्ञांचे तर याहून कठीण. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रमाणपत्र हवे असेल तर २०१२ पासून डॉक्टरेटच्या दर्जाचे शिक्षण लागते. माझी एक मैत्रीण इथून कानांचे शिक्षण घेऊन गेली होती. ती बिचारी दोन मुलांची आई होऊन पुन्हा कॉलेजच्या बाकावर जाऊन बसली.

माझ्या पदवीत कोणता विषय किती तास शिकवला, याचासुद्धा हिशेब द्यावा लागला. त्या कागदांसाठी मामंजींनी विद्यापीठात किती हेलपाटे घातले, ते त्यांनाच ठाऊक! मी रोज चरफडत होते. ‘आम्ही काय अडाणी आहोत?’ असे घरात म्हणायची, आणि यजमान निमूटपणे ऐकून घ्यायचे.

अखेर परीक्षा झाली, तात्पुरता परवाना मिळाला, आणि ते देखरेखीचे वर्ष सुरू झाले. त्याच वर्षी पाच वर्षांचा एक मराठी मुलगा माझ्याकडे आला. शाळेची तक्रार होती, की तो वर्गात बोलतच नाही. मला वाटले, हे तर सोपे आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, म्हणून मूल बुजले असेल. आपल्याकडे एकच ‘व’; इंग्रजीतले दोन ‘व’ वेगळे काढताना आपण मोठी माणसेही चुकतो, आणि तो काही आजार नव्हे. दुसरी भाषा शिकताना मूल काही दिवस गप्प राहते, हेही खरेच. मी तसे लिहून मोकळी झाले.

माझ्यावर देखरेख करणाऱ्या बाईंनी कागद वाचून एवढेच विचारले, “तो मराठीत किती बोलतो? आणि कान कोणी तपासले?”

मी दोन्ही विचारले नव्हते! मराठीत विचारणे तर त्या इमारतीत फक्त मलाच जमण्यासारखे होते. आईशी बोलले, तेव्हा कळले की घरीही तो एकेक शब्दच बोलतो, आणि हाक मारली तर पुष्कळदा वळून पाहत नाही. श्रवणतज्ज्ञांकडे पाठवला. दोन्ही कानांनी त्याला कमी ऐकू येत होते. मी लिहिलेला कागद तसाच पुढे गेला असता, तर त्याचे आणखी एक वर्ष वाया गेले असते. त्या रात्री मला जेवण गेले नाही. त्यानंतर ३६ आठवड्यांबद्दल मी पुन्हा कुरकुर केली नाही.

मात्र सगळेच नियम मला पटले असे नाही. यंत्रे बसवल्यावर तो मुलगा छान बोलू लागला होता, तोच त्याचे बिऱ्हाड डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात गेले. मी म्हटले, आपण पडद्यावर भेटू. पण नाही! रुग्ण ज्या राज्यात बसला असेल, त्या राज्याचा परवाना लागतो. पुलाच्या या टोकाला मी तज्ज्ञ, त्या टोकाला कोणीच नाही. त्याला नवीन बाई मिळेपर्यंत चार महिने गेले. अशा अडचणींसाठीच राज्याराज्यांत एक करार ठरला. २०२१ साली दहा राज्यांचे कायदे होऊन तो अमलात येण्याची अट पुरी झाली, आणि पुढे तीसहून अधिक राज्ये त्यात आली. माझ्या त्या मुलाला त्याचा उपयोग झाला नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. कायदा आपल्याकडेही आहे बरे का. भारतीय पुनर्वास परिषदेचा १९९२ चा कायदा. त्या परिषदेच्या सूचीत नाव असल्याशिवाय वाचोपचार किंवा श्रवणतपासणीचा व्यवसाय करता येत नाही. केल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे त्यात लिहिले आहे. हजार रुपये! माझ्या मावशीला एका दुकानदाराने कान न तपासताच यंत्र विकले, त्याची किंमत याच्या कितीतरी पट होती. ते आता तिच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली आहे.

सूचीतले नाव आणि नोंदणी क्रमांक कोणालाही पाहता येतो. ज्यांच्या घरी उशिरा बोलणारे नातवंड आहे, किंवा दूरदर्शनचा आवाज दिवसेंदिवस मोठा होतो आहे, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याजवळ यावे. नाव कसे शोधायचे ते मी मोबाईलवर दाखवीन.